वाचकांचे प्रश्न : घोडदळाच्या तलवारी कोण घडवत असे आणि कोण विकत घेत असे?

अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत युरोप-अमेरिकेच्या घोडदळांनी वापरलेल्या तलवारींविषयी आलेल्या पत्रांतून निवडलेल्या प्रश्नांना या वेळी उत्तरे दिली आहेत. तलवार कशी चालवत असत यापेक्षा ती येत कुठून असे, तिचे पैसे कोण देई आणि ती चांगली आहे हे कोण ठरवी, याकडेच बहुतेक पत्रांचा रोख आहे. या प्रश्नांकडे अभ्यासकांनीही फारसे लक्ष दिलेले नाही, म्हणून काही उत्तरे नेहमीपेक्षा लांबली आहेत.

प्रश्न : हजारो स्वारांना एकसारख्या तलवारी लागत. त्या सरकारच्या स्वतःच्या कारखान्यात तयार होत, की व्यापाऱ्यांकडून विकत घेतल्या जात?

दोन्ही पद्धती होत्या, आणि तलवारीचा दर्जा बऱ्याच अंशी कोणती पद्धत पत्करली यावर अवलंबून राहिला. ब्रिटनमध्ये अठराव्या शतकाच्या बहुतेक काळात स्वारांच्या तलवारींची खरेदी सरकार स्वतः करत नसे. रेजिमेंट ही तिच्या कर्नलची जवळजवळ खासगी जहागीर असल्यासारखी चाले; त्याला सरकारकडून ठरावीक रक्कम मिळे आणि तीतून त्याने आपल्या माणसांना पोशाख व साहित्य पुरवायचे असे. वाचलेले पैसे कर्नलच्याच पदरात पडत, त्यामुळे स्वस्त माल घेण्याचा मोह त्या व्यवस्थेतच होता. दोन रेजिमेंटच्या तलवारी एकमेकींशी जुळत नसत, याचेही कारण हेच. १७८८ मध्ये घोडदळासाठी ठरावीक नमुने लागू करण्याचा प्रयत्न झाला, १७९६ मध्ये नव्या नमुन्यांनी तो पुढे नेला आणि त्यानंतर खरेदीची सूत्रे हळूहळू सरकारी शस्त्रखात्याच्या हाती गेली. तरीही घडवण्याचे काम बर्मिंगहॅमच्या खासगी कारखानदारांकडेच राहिले.

फ्रान्सने उलट वाट धरली. पंधराव्या लुईच्या काळात, १७३० मध्ये, अल्सास प्रांतातील एका दरीत क्लिंगेन्थाल येथे पाती घडवण्याचा राजकारखाना उभा राहिला. जागा निवडताना पाणी, लाकूड आणि लोखंड यांचा विचार झाला होता. पण कारखान्यासाठी सर्वांत आवश्यक असलेली गोष्ट, म्हणजे हातात कसब असलेली माणसे, फ्रान्समध्ये नव्हती. ती ऱ्हाईनपलीकडून, जर्मनीतील झोलिंगेन गावाहून आणावी लागली. नेपोलियनच्या घोडदळाची बहुसंख्य पाती याच क्लिंगेन्थालची आहेत. कारखाना सरहद्दीला फारच जवळ असल्याने तो शत्रूच्या हाती पडण्याची भीती कायम असे. म्हणून १८१९ मध्ये देशाच्या आतल्या भागात शातेलरो येथे नवा कारखाना स्थापण्यात आला आणि १८३० च्या दशकात क्लिंगेन्थालचे सरकारी काम तिकडे हलले.

झोलिंगेनचे नाव या विषयात पुन्हा पुन्हा येते. वुपर नदीच्या खोऱ्यातील या गावात घडवणारे, पाणी देणारे व साणेवर घासणारे, आणि मूठ बसवून तलवार पुरी करणारे अशा कारागिरांचे वेगवेगळे संघ होते आणि एकाने दुसऱ्याच्या कामाला हात लावायचा नाही, असा त्यांचा कडक दंडक होता. गावाबाहेर जाऊन कसब विकणार नाही अशी शपथ काही कारागिरांकडून घेतली जाई. शपथा पाळल्या गेल्या नाहीत, हे उघडच आहे. १६८७ च्या सुमारास त्यांच्यातले काही जण इंग्लंडच्या उत्तरेस शॉट्ले ब्रिज येथे जाऊन राहिले, पुढे काही क्लिंगेन्थालला गेले, आणि १८१५ च्या सुमारास रशियाने उरल पर्वतातील झ्लाटाउस्त येथे शस्त्रकारखाना सुरू केला तेव्हा तिथेही करार करून झोलिंगेनचेच कारागीर नेण्यात आले. युरोपातील निम्म्या घोडदळांच्या तलवारींचे मूळ शोधत गेले, तर माणूस या एकाच खोऱ्यात येऊन पोहोचतो.

अमेरिकेचे संयुक्त संस्थान नवे होते आणि त्याच्याकडे पाती घडवण्याची परंपरा नव्हती. तिथल्या सरकारने १७९८ मध्ये कनेटिकट राज्यातील मिडलटाउनच्या नेथन स्टार याला स्वारांच्या २,००० तलवारींचे कंत्राट दिले. दर होता तलवारीमागे ५ डॉलर. पुढे मॅसेच्युसेट्समधील एम्स यांचा कारखाना सरकारचा मुख्य पुरवठादार झाला आणि १८३३ चा ड्रॅगून (घोडेस्वार सैनिकांचा एक प्रकार) नमुना तिथेच तयार झाला. तरीही १८४० चा नवा नमुना स्वीकारला तेव्हा पहिला माल सरकारने झोलिंगेनहूनच मागवला. तो नमुना मुळात फ्रान्सच्या १८२२ च्या तलवारीवरून घेतलेला होता, म्हणजे अमेरिकेच्या स्वाराच्या हाती फ्रेंच आराखड्याची जर्मन तलवार आली.

प्रश्न : पाते घडवण्याची कृती सविस्तर सांगावी. एकच लोहार सुरुवातीपासून शेवटपर्यंत तलवार घडवत असे का?

नाही. लष्करी तलवार हे एका माणसाचे काम कधीच नव्हते. ती सहासात हातांतून जाई आणि प्रत्येक हाताला नगामागे मजुरी मिळे. बर्मिंगहॅमच्या पद्धतीत कच्चा माल शेफील्डहून येई. पोलादाची ही पट्टी दोन पात्यांना पुरेल एवढी असे आणि ती मधून तोडली जाई. घडवणारा आणि त्याचा घणकरी समोरासमोर उभे राहून ती तापवून लांब ओढत. मुठीत जाणारा शेपटीसारखा भाग पोलादाचा न ठेवता बहुधा मऊ लोखंडाचा जोडला जाई. यात काटकसर होतीच, पण दुसरे कारण अधिक महत्त्वाचे होते : कडक पोलाद मुठीपाशी धक्क्याने तुटते, मऊ लोखंड तो धक्का सहन करते. हा जोड नीट बसला नाही, तर तलवार पहिल्याच जोरकस वारात मुठीतून निघून जाई, आणि हा दोष बाहेरून अजिबात दिसत नसे.

लांब झालेल्या पट्टीला मग पात्याचा आकार येई. पात्याच्या दोन्ही अंगांना लांबट खोलगट पन्हळ काढण्यासाठी ऐरणीत एक साचा बसवत आणि वरून तसाच दुसरा साचा ठेवून घण मारत. पात्याची जाडी मुठीपासून टोकाकडे सतत कमी होत जायला हवी. १७९६ च्या ब्रिटिश हलक्या घोडदळाच्या तलवारीचे पाते मुठीपाशी साधारण ८ ते ९ मिलिमीटर जाड असे आणि टोकाजवळ ते २ मिलिमीटरपर्यंत उतरे. हा उतार हातात धरल्याशिवाय कळत नाही. अलीकडच्या सजावटीच्या नकला पहिल्या नजरेत अस्सल वाटल्या तरी उचलताच लोखंडी गजासारख्या जड लागतात, कारण त्यांच्या पात्याची जाडी शेंड्यापर्यंत सारखीच असते.

यानंतरचा टप्पा पाणी देण्याचा. पाते सारख्या लाल रंगावर आणून पाण्यात किंवा तेलात बुडवले की ते काचेसारखे कडक आणि तितकेच ठिसूळ होते. धारेची बाजू पातळ आणि पाठ जाड असल्यामुळे दोन्ही बाजू एकाच वेगाने थंड होत नाहीत. पाते वळते, पिळवटते. कारागीर ते डोळ्यांसमोर आडवे धरून धारेच्या रेषेवरून टोकाकडे पाही आणि वाकडेपणा काढी. मग ते पुन्हा मंद आचेवर धरायचे. स्वच्छ केलेल्या पोलादावर आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा आणि शेवटी निळा रंग चढत जातो. तलवारीला निळ्याच्या आसपास, म्हणजे सुमारे ३०० अंश सेल्सियसला थांबवायचे असते. अलीकडे थांबले तर पाते तुटेल, पलीकडे गेले तर वाकून तसेच राहील. त्या काळी भट्टीजवळ तापमापक नव्हता आणि रंग ओळखण्यासाठी उजेड फार लागत नसला तरी तो सारखा लागे, त्यामुळे ढगाळ दिवस आणि संध्याकाळ यांत पाणी दिलेल्या पात्यांत फरक पडणे स्वाभाविक होते. माझ्या मते पात्याचे नशीब खऱ्या अर्थाने ठरे ते इथेच, आणि या कारागिराची मजुरी चुकवून वेग वाढवणाऱ्या कारखानदाराचा माल पुढे तपासणीत नापास होई.

साणेवरचे काम सर्वांत घातक होते. पाण्याच्या चक्रावर फिरणारी वालुकाश्माची भली मोठी चाके, त्यांवर घोड्यावर बसावे तसा लाकडी बैठकीवर बसलेला माणूस, आणि लाकडी धरणीत अडकवलेले पाते गुडघ्यांनी चाकावर दाबून धरण्याची ती पद्धत. चाक ओले ठेवत असले तरी दगडाची धूळ फुप्फुसांत जाई, आणि साणेवरची माणसे म्हातारी होत नसत. कधी चाकच फुटून माणूस ठार होई. घासून झालेल्या पात्याला चामडे चढवलेल्या लाकडी चाकांवर कुरुंदाच्या भुकटीने झिलई देत.

मूठ आणि म्यान यांबद्दल थोडक्यात. लाकडी मुठीवर चामडे आणि पिळाची तार गुंडाळत, समोर हाताचे रक्षण करणारी लोखंडी किंवा पितळी परज बसवत आणि पात्याची शेपटी या सगळ्यातून आरपार काढून शेवटी ठोकून तिचे तोंड पसरवत. म्यान पोलादी पत्र्याची असे. पत्रा वळवून त्याची शिवण पितळेने झाळत.

प्रश्न : पात्यावरची पन्हळ रक्त वाहून जाण्यासाठी असते, हे खरे आहे का?

मुळीच नाही. पन्हळीमुळे पात्याचे वजन घटते आणि तेवढ्याच पोलादात ते अधिक ताठ राहते. रक्ताशी तिचा संबंध नाही.

प्रश्न : हजारो तलवारी एकदम विकत घेताना सरकारची फसवणूक होत नसे का? प्रत्येक तलवार तपासली जात असे का?

या प्रश्नाचे उत्तर देणारी एक चांगली नोंद उपलब्ध आहे. १७८३ मध्ये लंडनच्या तलवारविक्रेत्यांनी अशी मागणी केली की इंग्लंडची पाती टाकाऊ असल्याने जर्मन पाती जकातीशिवाय आणू द्यावीत. बर्मिंगहॅमचा कारखानदार थॉमस गिल याने ते आव्हान स्वीकारले आणि आपल्या व जर्मन तलवारींची जाहीर कसोटी घ्यावी, असा आग्रह धरला. ती संधी १७८६ मध्ये आली. ईस्ट इंडिया कंपनीने स्वारांच्या तलवारी मागवल्या. त्यांत गिल, इतर इंग्रज कारखानदार आणि जर्मन पुरवठादार असे सर्व होते, आणि प्रत्येक पाते यंत्राने दाबून वाकवून पाहिले गेले. गिलच्या २,६५० तलवारींपैकी ४ नापास झाल्या. जर्मनांच्या १,४०० पैकी २८ नापास झाल्या. आणि बाकीच्या इंग्रज कारखानदारांच्या २,७०० तलवारींपैकी तब्बल १,०८४ परत पाठवाव्या लागल्या.

हे आकडे बहुधा गिलच्या विजयाची कथा म्हणून सांगितले जातात. मला त्यांतला तिसरा आकडा अधिक बोलका वाटतो. लंडनच्या विक्रेत्यांची तक्रार पूर्णपणे खोटी नव्हती : इंग्लंडमध्ये उत्तम पाते घडवता येत होते, पण कोणी तपासत नसल्यामुळे ते घडवण्याची गरज बहुतेकांना वाटत नव्हती. गिल स्वतःच्या मालाला सरकारी कसोटीहूनही कठोर कसोटी लावी. पाते वाकवून झाल्यावर ते ओतीव लोखंडाच्या सपाट ठोकळ्यावर पूर्ण ताकदीने आडवे आपटायचे आणि मग धारेकडून लोखंडी नळीवर, बहुधा बंदुकीच्या नळीवरच, वार करायचा. पुष्कळदा नळीचे दोन तुकडे होत. ‘कधीही दगा देणार नाही’ अशा अर्थाची हमी तो आपल्या पात्यांवर कोरी.

पुढच्या शतकात तपासणी शास्त्रशुद्ध झाली. अमेरिकेच्या शस्त्रखात्याच्या नियमांप्रमाणे आधी लांबी, रुंदी, जाडी ठरावीक मापांच्या साच्यांवर पडताळत. मग पात्याचे टोक अडकवून ते ठरलेल्या वक्रतेच्या ठोकळ्यावर दोन्ही बाजूंना वाकवत, ओकच्या लाकडावर दोन्ही अंगांनी आणि पुढे धारेकडून व पाठीकडून आपटत, आणि शेवटी टोक जमिनीवर टेकवून दाबत; पात्याची कमान त्याच्या लांबीच्या सहाव्या हिश्श्याएवढी झाली पाहिजे आणि सोडताच ते जसेच्या तसे सरळ झाले पाहिजे, अशी अट होती. म्यानही सुटत नसे. तिच्यावर ठरावीक उंचीवरून लोखंडी वजन टाकून पत्रा चेपतो का, हे पाहत. या सर्वांतून पार पडलेल्या तलवारीवर तपासनिसाच्या नावाची आद्याक्षरे ठोकली जात आणि त्यानंतरच कंत्राटदाराचे पैसे सुटत. तपासनीस बहुतेक वेळा कंत्राटदाराच्या कारखान्यातच मुक्कामाला असे. त्याचे खाणेपिणे, राहणे, कारखानदाराशी असलेले सख्य यांवर नियम काय करणार, हा प्रश्न मात्र तेव्हाही होता.

प्रश्न : एवढी तपासणी असूनही युद्धात तलवारी तुटल्याच्या किंवा वाकल्याच्या तक्रारी वाचायला मिळतात. त्यांचे कारण काय?

बहुतेक तक्रारींच्या मागे घाई आणि जुना साठा यांपैकी एक कारण सापडते. अमेरिकेचे यादवी युद्ध १८६१ मध्ये पेटले तेव्हा उत्तरेकडच्या सरकारला अचानक हजारो नव्या स्वारांसाठी तलवारी हव्या झाल्या. एम्सचा कारखाना एकट्याने पुरा पडणे शक्य नव्हते. मग कापडाची यंत्रे, शेतीची अवजारे किंवा अन्य लोखंडी माल बनवणाऱ्यांनी कंत्राटे घेतली. मॅन्सफील्ड अँड लॅम, रोबी, प्रॉव्हिडन्स टूल अशी नावे याच काळात तलवारींवर दिसू लागतात आणि यांतल्या काहींचे काम चांगलेही होते. दुसरीकडे व्यापारी झोलिंगेनहून जहाजे भरून माल आणत होते. सुरुवातीच्या महिन्यांत मिळेल ते घेतले गेले आणि कंत्राटांतील गैरप्रकार इतके वाढले की १८६२ मध्ये सरकारला शस्त्रखरेदीच्या चौकशीसाठी खास आयोग नेमावा लागला.

दक्षिणेची अवस्था याहून बिकट होती. तिच्याकडे ना झोलिंगेनला सहज पोहोचणारी बंदरे होती, ना पाती घडवणारे कारखाने. जॉर्जिया राज्यातील कोलंबस गावी लुई हैमन नावाचा पत्र्याचे काम करणारा कारागीर १८६१ मध्ये तलवारीच्या धंद्यात उतरला आणि पाहता पाहता दक्षिणेच्या मोठ्या पुरवठादारांपैकी एक झाला. दक्षिणेच्या तलवारी ओळखणे अवघड नसते. मुठीवर चामड्याऐवजी अनेकदा तेलकापड असते, पिळाच्या तारेऐवजी साधी एकेरी तांब्याची तार असते, परजेचे ओतकाम खडबडीत असते आणि पात्यावरची पन्हळ मुठीपाशी नीट संपवलेली नसून वेडीवाकडी विरून जाते. शेवटचा दोष हा अपुऱ्या साच्यांचा आणि कमी सरावाच्या हातांचा पुरावा आहे. हैमनचा कारखाना एप्रिल १८६५ मध्ये उत्तरेच्या घोडदळाने जाळला.

ब्रिटनमधील प्रकरण वेगळे, आणि शांततेच्या काळातील ढिलाईतून उद्भवलेले आहे. १८८४-८५ च्या सुदान मोहिमेत संगिनी आणि तलवारी वाकल्याच्या बातम्या लंडनच्या वर्तमानपत्रांत झळकल्या, संसदेत प्रश्न विचारले गेले आणि सरकारला साठ्यातील शस्त्रांची फेरतपासणी करावी लागली. वर्षानुवर्षे कोठारात पडून राहिलेली, जुन्या ढिल्या कसोट्यांवर स्वीकारलेली शस्त्रे नव्या कसोट्यांना उतरली नाहीत, यात नवल नव्हते. वर्तमानपत्रांनी मात्र सारा दोष परदेशी मालावर ढकलला. देशी कारखानदारांना ते सोयीचेही होते. शंभर वर्षांपूर्वी लंडनचे विक्रेते इंग्रज मालाला नावे ठेवत होते, हे बहुधा कोणाच्या लक्षात राहिले नसावे. या गदारोळानंतर कसोट्या कडक झाल्या, आणि पुढची काही दशके तलवारी बनवणाऱ्या विल्किन्सन कंपनीचे नाव ब्रिटिश घोडदळाच्या तलवारीशी जोडले गेले.

प्रश्न : लष्करी तलवारी बोथट असत असे म्हणतात. मग त्यांचा उपयोग काय?

त्या बोथट अवस्थेतच दिल्या जात, हे खरे आहे. मोहिमेवर निघण्याचा हुकूम सुटला की रेजिमेंटचा शस्त्रकार त्यांना धार लावी. शांततेच्या काळात कवायतीत माणसे आणि घोडी जखमी होऊ नयेत, एवढाच त्यामागचा हेतू होता. खरी अडचण पोलादी म्यानीची होती. तलवार उपसताना आणि परत घालताना धार पत्र्यावर घासे, शिवाय घोडा दौडत असताना पाते आत सतत खडखडत राही. मोहिमेच्या पहिल्या दिवशी लावलेली धार काही आठवड्यांत नाहीशी होई.

१५ व्या हुसार (हलक्या घोडदळाच्या) पलटणीतील कॅप्टन लुई नोलन या अधिकाऱ्याने यासंबंधी एक निरीक्षण नोंदवले आहे. भारतात निजामाच्या स्वारांनी केलेल्या एका चकमकीतील जखमांची वर्णने वाचून तो थक्क झाला, कारण हातपाय एकेका वारात तुटलेले होते. या स्वारांकडे कोणती विशेष पाती आहेत, याची त्याने चौकशी केली, तेव्हा ती इंग्रजी ड्रॅगून स्वारांची टाकून दिलेली जुनी पाती निघाली. स्वारांनी त्यांना आपल्या पद्धतीची मूठ बसवली होती, वस्तऱ्यासारखी धार लावली होती आणि लाकडी म्यानीत ठेवली होती. लढाईखेरीज ती उपसली जात नसत. ज्या पात्याला इंग्रज स्वार नावे ठेवत होता, तेच पाते शिकलगाराच्या हाताखालून जाऊन लाकडी म्यानीत विसावले की भयंकर ठरत होते. नोलनने लाकडी म्यानीचा आग्रह धरला, पण पोलादी म्यान टिकाऊ, दिसायला झगझगीत आणि कोठारात मोजायला सोपी असल्याने खरेदीखात्याने ती सोडली नाही. नोलन स्वतः २५ ऑक्टोबर १८५४ रोजी बालाक्लावा येथे, हलक्या घोडदळाच्या प्रसिद्ध हल्ल्याच्या आरंभीच, तोफेच्या गोळ्याच्या तुकड्याने मारला गेला.

प्रश्न : तलवार बाकदार असावी की सरळ, हे कोण ठरवत असे?

आरंभी अनुभवी अधिकारी, पुढे समित्या. १७९३ ते १७९५ च्या फ्लँडर्स मोहिमेत जॉन गॅस्पार्ड ल मार्शां या ब्रिटिश अधिकाऱ्याने आपले स्वार ओबडधोबड तलवारींनी स्वतःला आणि स्वतःच्याच घोड्यांना जखमी करताना पाहिले. त्याने बर्मिंगहॅमच्या हेन्री ऑसबर्नबरोबर बसून सुमारे ३३ इंच पात्याची, टोकाकडे रुंद होत जाणारी बाकदार तलवार तयार केली, आणि तिच्यासाठी कवायतीचे नियमही लिहिले. नमुना ठरवणारा आणि घडवणारा असे एकत्र बसल्याची उदाहरणे या इतिहासात फार थोडी आहेत, आणि हीच तलवार नंतर प्रशियाने १८११ च्या नमुन्यात उचलली. १७९६ मध्येच जड घोडदळाला दिलेली सरळ तलवार मात्र ऑस्ट्रियाच्या १७६९ च्या नमुन्याची जवळजवळ नक्कल होती. तिचे टोक कुऱ्हाडीसारखे तिरपे असल्याने ती भोसकण्यास निरुपयोगी ठरे, म्हणून वॉटर्लूपूर्वी काही पथकांनी ते घासून अणकुचीदार करून घेतले.

१८५३ मध्ये ब्रिटनने जड आणि हलके हा भेद मोडून साऱ्या घोडदळाला एकच, किंचित बाकाची तलवार दिली. कापणे आणि भोसकणे या दोन्ही कामांना चालावी म्हणून केलेली ही तडजोड कोणालाच पूर्णपणे पसंत पडली नाही. अखेरीस १९०८ च्या नमुन्यात बाक पूर्णपणे गेला. ३५ इंचांचे सडपातळ सरळ पाते, वाटीसारखी मोठी परज आणि हात आपोआप रोखला जाईल अशी वळणदार मूठ. सातव्या एडवर्ड राजाला ती अतिशय कुरूप वाटली, तरी तिला मान्यता देण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हते. अमेरिकेत लेफ्टनंट जॉर्ज पॅटन याने १९१३ मध्ये जवळजवळ याच विचाराची सरळ तलवार आखली आणि ती स्प्रिंगफील्डच्या सरकारी कारखान्यात तयार झाली. तलवारीचा आराखडा सर्वांत परिपूर्ण झाला तो ती निरुपयोगी झाल्यावर, असे म्हणावे लागते. यादवी युद्धात उत्तरेच्या वैद्यकीय खात्याने नोंदवलेल्या सुमारे २,४६,००० जखमांपैकी तलवार आणि संगीन मिळून १,००० जखमाही झाल्या नव्हत्या, आणि ती गोष्ट पॅटनच्या पन्नास वर्षे आधीची. अमेरिकेच्या घोडदळातून तलवार १९३४ मध्ये काढून घेण्यात आली.

प्रश्न : संग्रहातील जुनी तलवार कोणी आणि कधी घडवली, हे तिच्यावरून ओळखता येते का?

साध्या स्वाराची तलवार असेल तर पुष्कळदा येते, कारण ती सरकारी माल असते आणि सरकारी मालावर शिक्के असतातच. फ्रेंच पात्याच्या पाठीवर कारखान्याचे नाव, महिना आणि वर्ष बारीक अक्षरांत कोरलेले असते. प्रशियाच्या पात्याच्या पाठीवर मुकुटासह राजाचे आद्याक्षर आणि वर्षाचे शेवटचे दोन आकडे आढळतात. अमेरिकेच्या तलवारीवर मुठीजवळ एका अंगाला कारखानदाराचे नाव आणि दुसऱ्या अंगाला वर्षासह तपासनिसाची आद्याक्षरे पाहावीत. ब्रिटिश तलवारीवर मुकुटाखाली तपासनिसाच्या ठाण्याचे अक्षर आणि क्रमांक असतो : बर्मिंगहॅमसाठी एक अक्षर, एनफील्डसाठी दुसरे, आणि झोलिंगेनमध्ये जाऊन तपासलेल्या मालासाठी तिसरे. त्यांच्याजवळच सरकारी मालकीचा बाण असतो. दोन बाणांची टोके समोरासमोर ठोकलेली दिसली, तर ती तलवार सरकारने रीतसर विकून टाकलेली आहे, असे समजावे.

अधिकाऱ्याच्या तलवारीच्या बाबतीत मात्र जपून निष्कर्ष काढावा. अधिकारी आपली तलवार स्वतःच्या पैशाने, गणवेश शिवणाऱ्या किंवा साहित्य विकणाऱ्या दुकानातून घेत. पात्यावर नक्षीत कोरलेले नाव पुष्कळदा त्या दुकानदाराचे असते आणि पाते दुसऱ्याच कोणी घडवलेले असते. खरा शिक्का मुठीच्या चामडी चकतीखाली किंवा पात्याच्या खांद्याशी दडलेला असतो, आणि तो शोधण्यासाठी मूठ उघडू नये, कारण ठोकून पसरवलेली शेपटी एकदा तासली की पुन्हा तशी बसत नाही. गंज असल्यास हलक्या तेलाने आणि मऊ कापडाने तो सावकाश काढावा. घासकागद किंवा आम्ल वापरल्यास गंजाबरोबर तपासनिसाची आद्याक्षरेही निघून जातात.